सत्तेचाळीस तारा

ड्रमवर गुंडाळलेल्या काळ्या केबलवर मामांनी तळवा टेकवला, सावकाश पुढे सरकवला आणि एका जागी थांबवला. "साहेब, हितं एक तार नाही."

मी तेव्हा 22 वर्षांचा होतो. विद्युत शाखेची पदविका घेऊन केबलच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला नुकताच लागलो होतो. मामा आर्मरिंग मशीनवरचे ऑपरेटर, वयाने माझ्या वडिलांएवढे. ते मला साहेब म्हणत आणि मी त्यांना मामा म्हणत असे, कारण अख्खा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. त्यांच्या बोटांशेजारी मी माझी बोटं ठेवली. काहीच हाताला लागलं नाही. मग त्यांनी माझं बोट धरून आवरणावर आडवं फिरवलं, तेव्हा कळलं. पीव्हीसीच्या खाली पोलादी तारांच्या उंचवट्यांची बारीक रांग होती आणि त्या रांगेत एके ठिकाणी खोबण होती. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते, तसं बोट तिथे अडत होतं.

त्या केबलची चाचणी आदल्या दिवशी मीच घेतली होती. 3,000 व्होल्टचा दाब 5 मिनिटं दिला, केबलने तो निमूट सोसला आणि मी कागदावर सही केली. ती चाचणी गाभ्यांवरच्या आवरणाची परीक्षा घेते. बाहेरच्या पोलादी तारा 47 आहेत की 46, ते तिला दिसत नाही. मामांच्या तळव्याला दिसलं.

हा लेख त्या तळव्याविषयी आहे, आणि तो ज्या यंत्रावर घडला त्या यंत्राविषयी. कारखान्याचं नाव सांगत नाही. मराठी माणसाला केबल म्हटलं की 1958 पासून पुण्यात असलेली फिनोलेक्स आठवते, जुन्या लोकांना बोरिवलीची केबल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया आठवते. मी सांगतो आहे तो कारखाना यांतला नाही. एमआयडीसीतल्या असंख्य पत्र्याच्या शेडपैकी ती एक शेड होती.

आर्मर्ड केबल आपण सगळ्यांनी पाहिलेली असते, पण तिच्याकडे पाहिलेलं नसतं. ट्रान्सफॉर्मरपासून सोसायटीच्या मीटरखोलीपर्यंत जमिनीखालून येते, ती हीच. मनगटाएवढी जाड, काळी, वाकवायला दोन माणसं लागतात. मुंबई शहरात बेस्टची वीज जमिनीखालून फिरते ती अशाच केबलींतून. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, विजेचे हजारो खांब आडवे झाले आणि कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली. तारा जमिनीखाली न्या, असं तेव्हा जो तो म्हणू लागला. ते बरोबरच होतं. पण जमिनीखाली केबल सुखात नसते. तिथे कुदळ असते, जेसीबीचा दात असतो, घुशी असतात, वरून जाणाऱ्या ट्रकचं ओझं असतं, पावसाळाभर मुरलेलं पाणी असतं. म्हणून तिला चिलखत घालावं लागतं. या चिलखताचं आणखी एक काम आहे. आतला गाभा फुटून वीज बाहेर आली, तर ती या पोलादातून जमिनीत उतरते, यंत्रणेला दोष कळतो आणि पुरवठा तुटतो. कुदळ मारणारा माणूस वाचतो तो यामुळे. त्यासाठी चिलखत दोन्ही टोकांना नीट अर्थिंगला जोडलेलं असावं लागतं.

चिलखताच्या आधीची कामं भराभर सांगतो. ॲल्युमिनियमची साडेनऊ मिलिमीटर जाडीची सळई डायमधून ओढत ओढत बारीक करतात. मग त्या तारा पेडतात. मधे 1, तिच्याभोवती 6, मग 12, मग 18, मग 24, अशा मिळून 61, आणि प्रत्येक थराचा पीळ आधीच्या उलट. त्यावर एक्सएलपीई नावाच्या प्लास्टिकचं आवरण चढतं. साध्या पॉलिथिनचे रेणू सुटे असतात आणि उष्णता लागली की ते वितळतं. इथे ते रेणू एकमेकांत गुंतवतात. आमच्याकडे त्यासाठी केबल गरम पाण्याच्या हौदात ठेवत. हा गुंता नीट झाला तर वाहक 90 अंश तापमानालाही आयुष्यभर चालतो. साधं पीव्हीसी असेल तर मर्यादा 70 अंशांची. मग लाल, पिवळा, निळा असे तीन फेज आणि काळा न्यूट्रल एकत्र पिळतात. न्यूट्रलमधून सहसा फक्त शिल्लक प्रवाह जातो, म्हणून तो साधारण निम्म्या जाडीचा ठेवतात आणि अशा केबलला बाजारात साडेतीन कोर म्हणतात. त्यावर आतलं आवरण चढतं. एवढं झालं की केबल आर्मरिंगला येते.

आर्मरिंग मशीन पहिल्यांदा पाहणारा माणूस दोन पावलं मागे सरकतो. माणसापेक्षा उंच, पोलादी पट्ट्यांचा आडवा पिंजरा. कारखान्यात त्याला केजच म्हणतात. पिंजऱ्यात रांगेने बॉबिन बसवलेले, प्रत्येकावर जस्त चढवलेली पोलादी तार. पिंजऱ्याच्या पोकळ आसातून केबल सरळ पुढे सरकते आणि पिंजरा तिच्याभोवती गरगर फिरतो. प्रत्येक बॉबिनची तार पुढच्या थाळीतल्या आपापल्या भोकातून निघते, सगळ्या तारा एका डायपाशी एकत्र मिटतात आणि केबलवर शेजारी शेजारी पीळ घेत बसतात. पुढे मोठं चाक, कॅपस्टन, केबल ओढत असतं. त्याच्या पलीकडे ती ड्रमवर गुंडाळली जाते. गाभ्यांचा पीळ उजवा, म्हणून तारांचा डावा. दोघांचे पीळ एकमेकांना धरून ठेवतात.

कोकणात सुंभ वळणारी माणसं अंगणात मागे मागे चालत काथ्याचे पेड एकत्र आणत, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना या यंत्राचं कूळ सांगायला नको. हे दोर वळण्याचंच यंत्र आहे. जर्मनीत हार्ट्झ डोंगरातल्या खाणींमध्ये 1834 मध्ये विल्हेल्म आल्बर्टने लोखंडी तारांचा दोर वळला आणि काही वर्षांतच इंग्लंडात तारदोर वळणारी यंत्रं आली. केबल तेव्हा जन्मायची होती. 28 ऑगस्ट 1850 रोजी डोव्हर ते फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत समुद्राखालून तारायंत्राची पहिली केबल टाकली गेली. तांब्याची एक तार आणि तिच्यावर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं आवरण, एवढंच तिचं अंग. ती बुडावी म्हणून ठिकठिकाणी शिशाची वजनं बांधली होती. थोडे संदेश गेले न गेले, तोच ती तुटली. एका फ्रेंच कोळ्याच्या जाळ्यात ती सापडली असं सांगतात. पुढच्या वर्षी, 1851 मध्ये, तांब्याच्या चार तारांचा गाभा तारदोर वळणाऱ्या यंत्रातून काढला आणि त्याभोवती जस्त चढवलेल्या 10 जाड लोखंडी तारा पिळल्या. ती केबल टिकली. आर्मर्ड केबलचा जन्म तो. 1870 मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबईपासून एडनकडे केबल टाकली, तिलाही हेच चिलखत होतं. किनाऱ्याजवळच्या टोकांना ते अधिक जाड, कारण खडक आणि जहाजांचे नांगर तिथेच असतात.

जुन्या ग्रह-पद्धतीच्या यंत्रांत बॉबिन असे टांगलेले असत की पिंजरा कितीही फिरला तरी ते उभेच्या उभे राहत. जत्रेतल्या आकाशपाळण्यात माणसं डोक्यावर उलटी होत नाहीत, तसं. त्यामुळे तार स्वतःभोवती पिळत नाही. तारेऐवजी चपट्या पट्टीचं चिलखत असेल तर मात्र उलटं हवं. पट्टीचा एकच चेहरा कायम केबलकडे राहायला हवा, म्हणून तिथे बॉबिन पिंजऱ्याला घट्ट आवळलेले असतात. आमच्या यंत्राचा पिंजरा 48 बॉबिनचा, घट्ट जातीचा. बारीक तारेला तेवढा पीळ सोसतो.

आता 47 चा हिशेब सांगतो. मला तो मामांनी शिकवला आणि नंतर मी पुस्तकात ताडून पाहिला. आतल्या आवरणासकट केबलची जाडी 30 मिलिमीटर आहे आणि तिच्यावर 2 मिलिमीटरची गोल तार चढवायची आहे असं धरा. तारांच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास 32, म्हणून घेर सुमारे साडेशंभर मिलिमीटर. त्याला दोनने भागून पन्नास तारा, असं मी चटकन म्हणालो. मामांनी मान हलवली. तार सरळ बसत नाही, तिरकी बसते, आणि तिरकी असली की जास्त जागा खाते. पिंजऱ्याच्या एका फेऱ्यात केबल 300 मिलिमीटर पुढे सरकत असेल, तर 2 मिलिमीटरची तार 2.11 मिलिमीटर जागा घेते. मग घेरावर मावतात साडेसत्तेचाळीसच्या आसपास. म्हणजे 47. अठ्ठेचाळिसावी घातली तर ती बाकीच्यांच्या डोक्यावर चढेल.

भारतीय मानकांनुसार केबल जितकी जाड तितकी तार जाड. चिलखताखालची जाडी 13 मिलिमीटरपर्यंत असेल तर 1.4 मिलिमीटरची तार, आणि पुढे वाढत वाढत 4 मिलिमीटरपर्यंत. किती भाग झाकला गेला पाहिजे हेही ठरलेलं असतं. निविदांमध्ये बहुधा 90 टक्के लिहिलेलं असतं. वर सांगितलेल्या केबलमध्ये 43 तारा घातल्या तरी 90 टक्के भरतात. 2 मिलिमीटरच्या पोलादी तारेचं वजन मीटरला 25 ग्रॅमच्या आसपास आणि तिरकेपणामुळे एक किलोमीटर केबलला एक तार लागते सुमारे 26 किलो. चार तारा वगळल्या की किलोमीटरमागे 100 किलो पोलाद वाचलं. भाव लावताना मालकाच्या डोळ्यांसमोर हा आकडा असतो. नियमात बसतं म्हणून ते चूक नाही. पण नियम ही सगळ्यात खालची पायरी आहे, हे विसरून तिच्यावरच उभं राहायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि मला ती घातक वाटते.

यंत्र चालू झालं की ऑपरेटरचं खरं काम सुरू होतं, आणि ते जवळजवळ सगळं ऐकण्याचं आणि पाहण्याचं असतं. प्रत्येक बॉबिनला ब्रेकचा पट्टा असतो. तो तारेला ताणून धरतो. बॉबिन भरलेला असताना तार मोठ्या वर्तुळातून सुटते, रिकामा होत आला की लहान वर्तुळातून. ब्रेक तेवढाच ठेवला तर ताण वाढत जातो आणि तार आतल्या आवरणात रुतू लागते. म्हणून बॉबिन उतरत जाईल तसा ब्रेक सैल करायचा, आणि तोही यंत्र थांबवून. फार सैल झाला तर तार उचलली जाते आणि केबलवर फुगवटा येतो. 47 बॉबिन, प्रत्येकाची तार वेगवेगळी उरलेली, प्रत्येकाचा ब्रेक वेगळा. मामा लांब उभे राहून पिंजऱ्याचा आवाज ऐकत आणि सांगत की सतरा नंबर ओरडतोय. थांबवून पाहिलं की सतरा नंबरचा पट्टा सुकलेला असे.

बॉबिन संपला की नवा चढवायचा आणि जुन्या तारेचं टोक नव्या तारेच्या टोकाला बट वेल्डरवर जोडायचं. जोड कानशीने घासून तारेच्या जाडीचा करायचा, जळालेल्या जस्ताच्या जागी झिंक रंग लावायचा. एका तारेचा जोड शेजारच्या कुठल्याही तारेच्या जोडापासून किमान 300 मिलिमीटर लांब असला पाहिजे, असं मानक सांगतं. नाहीतर सगळे कच्चे दुवे एका जागी येतात. म्हणून चांगला ऑपरेटर सुरुवातीलाच बॉबिन असे भरतो, की ते एकदम संपणार नाहीत. हे कुठल्याही फलकावर लिहिलेलं नसतं.

तारेवरचं जस्त तपासायचं काम माझं. तारेचा तुकडा मोरचुदाच्या द्रावणात एक मिनिट बुडवायचा, बाहेर काढून धुवायचा, पुन्हा बुडवायचा. जस्त पातळ असेल तिथे दोन-तीन बुडींत तांबूस लकाकणारा तांब्याचा थर धरतो. ती तार परत. ज्या जमिनीत पावसाळ्याचे चार महिने पाणी उभं राहतं, तिथे पातळ जस्ताची तार गंजून जाते आणि मग चिलखत नावालाच उरतं.

पिंजरा मिनिटाला 40 फेरे फिरत असेल आणि एका फेऱ्याला 300 मिलिमीटर केबल जात असेल, तर मिनिटाला 12 मीटर माल निघतो. बॉबिनवर 100 किलो तार धरली, तर 47 बॉबिनचं साडेचार टनांहून अधिक वजन गरगरत असतं. लाल बटण दाबलं तरी ते जागच्या जागी थांबत नाही, फिरत फिरत मंदावतं. म्हणून पिंजऱ्याभोवती जाळी असते आणि तिच्या दाराला असा स्विच असतो की दार उघडलं की यंत्र बंद. फिरत्या यंत्राला कुंपण हवं, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 21व्या कलमात लिहिलेलं होतं. चालत्या यंत्राजवळ काम करणारा माणूस खास शिकवलेला आणि घट्ट कपड्यातला हवा, हे 22व्यात. असं असूनही दाराच्या स्विचला तार बांधून तो कायमचा दाबून ठेवलेला मी एकाहून अधिक शेडमध्ये पाहिला आहे. कारण विचारलं की उत्तर एकच असे. दार उघडलं की मशीन थांबतं, आणि थांबलं की मीटर कमी पडतात.

एक तार नसलेल्या त्या केबलकडे परत येतो.

आम्ही ड्रम उलगडला. खोबण सुमारे 140 मीटर चालली होती, म्हणजे यंत्राची जेमतेम 12 मिनिटं. जिथून ती सुरू होत होती तिथे वरचं आवरण चिरलं. तुटलेल्या तारेचं टोक तिथेच होतं. बाकीच्या तारांच्या खाली सरकून, सुईसारखं आत वळून ते आतल्या आवरणातून आरपार गेलं होतं आणि लाल फेजच्या एक्सएलपीईवर त्याने ओरखडा काढला होता. अजून भोक पडलेलं नव्हतं, म्हणून माझ्या चाचणीत केबल तरली. जमिनीत टाकताना ती वळणावर वाकवली असती, तर ते सुईसारखं टोक आणखी आत गेलं असतं. कदाचित लगेच, कदाचित दोन पावसाळ्यांनी.

टक्केवारी पाहिली तर 46 तारांनीही 96 टक्के भाग झाकला जात होता. कागदावर केबल पास होती. हे मी आजही विसरत नाही.

ती केबल आर्मरिंगवर होती त्या रात्रपाळीला मामा नव्हते. यंत्र चालवत होता मराठवाड्यातून आलेला कंत्राटी मुलगा, आठ महिने मामांच्या हाताखाली हेल्परचं काम केलेला. तार तुटली की यंत्र आपोआप थांबवणारी कळ त्या यंत्रावर होती, पण ती खोट्या कारणानेही थांबवते म्हणून काढून ठेवली होती. ट्रक लवकरच लागणार होता. तार तुटल्याचं त्या मुलाला दिसलं होतं. त्याने ते मला स्वतःहून सांगितलं, खोटं बोलला नाही. त्याच आठवड्यात यंत्र वारंवार थांबवतो म्हणून त्याला सगळ्यांसमोर बोलणी बसली होती. म्हणून या वेळी त्याने थांबवलं नाही. बारा मिनिटांनी बॉबिन बदलायची वेळ आली, तेव्हा ती तारही गुपचूप जोडून घेतली.

केबलचा तेवढा तुकडा कापून भंगारात टाकला. ट्रक दुपारी गेला. मुलाचा त्या दिवसाचा पगार कापायचं ठरत होतं. मामा मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि त्याच्या जागी माझा कापा म्हणाले. मग कोणाचाच कापला गेला नाही. काढून ठेवलेली कळ पुढच्या आठवड्यात परत बसली, आणि ती खोट्या कारणाने थांबवत होती कारण तिच्या संपर्काच्या कड्या काजळल्या होत्या, एवढंच निघालं. अर्ध्या तासाची साफसफाई.

त्यानंतर मी कितीतरी कारखाने पाहिले. आता नवी यंत्रं आली आहेत. पिंजरा आणि कॅपस्टन यांचा मेळ पूर्वी गिअर बदलून बसवावा लागे, तो आता पडद्यावर आकडा टाकून बसतो. तरी बॉबिन चढवायला, टोक जोडायला आणि आवाज ऐकायला माणूसच लागतो, आणि मला भेटलेला यातला जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्या माणसाशेजारी उभा राहून शिकला होता. ते शिक्षण उत्तम आहे, पण शेजारचा माणूस मामांसारखा असेल तरच. आणि मीटरवर बोनस ठेवणारा कारखाना हे शिक्षण रोज पुसत असतो. मीटर मोजायला हरकत नाही. पण जो ऑपरेटर योग्य वेळी यंत्र थांबवतो त्याचं थांबणं नुकसानीच्या रकान्यात लिहिलं जातं, तोवर ती सुई कुठल्या तरी ड्रममध्ये तयार होतच राहणार.

महावितरणचे अभियंते, बिल्डरांचे सल्लागार, सोसायट्यांचे कंत्राटदार माल उचलण्याआधी तपासणीला कारखान्यात जातात. त्यांना माझी विनंती आहे. चाचणीचे कागद पाहून झाले, आयएसआयची खूण आणि आवरणावरचे मीटरचे आकडे पाहून झाले की चहा घेण्याआधी पत्र्याच्या शेडमध्ये जा. आर्मरिंग मशीनच्या जाळीचं दार उघडल्यावर यंत्र खरंच थांबतं का, ते पाहा. तार तुटल्यावर यंत्र थांबवणारी कळ जागेवर आहे का, विचारा. आणि तिथल्या ऑपरेटरला विचारा, काल रात्री मशीन किती वेळा थांबवलं. एकदाही नाही, असं उत्तर आलं तर त्या रात्रीच्या ड्रमवर स्वतःचा तळवा फिरवा, सावकाश, आडवा.